घरबसल्या कामातील फसवणूक आणि ‘छाट’ : नगर जिल्ह्यातील विडी-व्यवसायाच्या आधारे एक विचार

घरी बसून करावयाच्या कामाच्या आमिषाने होणारी फसवणूक ही केवळ संगणकयुगाची निर्मिती आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तीपासून बचाव करण्याचे उपायही बहुधा व्यक्तिगत सावधगिरीपुरतेच सांगितले जातात. परंतु अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील, विशेषतः संगमनेर व अकोले तालुक्यांतील, विडी-व्यवसायाचा इतिहास पाहिला असता या प्रश्नाचे मूळ अधिक खोल असल्याचे दिसून येते. काम घरी होते, पण कामाचे मोजमाप दुसऱ्याच्या दारी, दुसऱ्याच्या हातून होते. फसवणुकीला वाव मिळतो तो या दोहोंमधील अंतरात.

विडी-व्यवसायाची रीत सुविदित आहे. कारखानदार किंवा त्याचा ठेकेदार तेंदूची पाने, तंबाखू व दोरा मोजून देतो. कामगार, बहुतांशी स्त्रिया, घरी पाने कातरून विड्या वळतात व तयार माल नेऊन देतात. मजुरी दर हजारी ठरलेली असते. पण प्रत्यक्ष हाती किती पैसे पडतात, हे केवळ दरावर अवलंबून नसते. पाने फाटकी निघाल्यास तूट कोणी सोसावयाची, आणि आणलेल्या विड्यांपैकी किती ‘छाट’ म्हणून बाजूला काढावयाच्या, या दोन गोष्टींवर ते ठरते. पाने पुरली नाहीत तर ती पदरच्या पैशांनी विकत घेऊन हजारी पुरी करावी लागे. छाट ठरलेल्या विड्यांची मजुरी मिळत नसे, आणि त्या विड्या परतही मिळत नसत. निवाडा करणारा आणि निवाड्याचा लाभ घेणारा एकच असल्यावर दर कितीही न्याय्य असला तरी तो कागदावरच राहणार, हे उघड आहे.

कायद्याला ही गोष्ट उमगण्यास बराच काळ लागला. कारखाना-कायद्याची दृष्टी कारखान्याच्या भिंतींपलीकडे सहसा जात नसे. मध्य प्रदेशातील एका विडी-कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली सट्टेदारांना स्वतंत्र ठेकेदार मानले. त्यामुळे त्यांच्यामार्फत होणारे काम कारखाना-कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात मात्र विडी-उद्योगाचा समावेश प्रारंभापासून होता. त्याखाली ठरविलेल्या दरांच्या वादात संगमनेर-अकोले तालुका विडी कामगार युनियन ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पक्षकार होती. निरनिराळ्या स्थळांसाठी निरनिराळे किमान दर ठरविता येतात, हे तत्त्व त्या प्रकरणात मान्य झाले.

अशा रीतीने दराचा प्रश्न मार्गी लागला, तरी मोजणीचा प्रश्न तसाच राहिला. मुंबई सरकारने १९५८ साली विदर्भासाठी काढलेल्या अधिसूचनेत दरांबरोबर छाटेविषयीही काही कलमे घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ती अवैध ठरविली. किमान वेतन कायद्याने सरकारला वेतनाचा दर ठरविण्याचा अधिकार दिला आहे, कराराच्या अन्य अटी बदलण्याचा नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या अर्थाच्या दृष्टीने निर्णय सुसंगत होता. परंतु दर व छाट यांची फारकत केल्यास कामगाराचे संरक्षण किती अपुरे ठरते, हेही त्यामुळे स्पष्ट झाले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) कायद्याने ही उणीव भरून काढली. घरी काम करणाराही कामगारच होय, हे त्याने मान्य केले. कच्च्या मालाचे वाटप, विड्यांची छाट व छाटलेल्या विड्यांची मजुरी यांविषयीचे तंटे राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची तरतूद त्याच्या ३९ व्या कलमात होती. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता अंमलात आल्यावर त्याची जागा संहितेने घेतली.

आज ‘घरबसल्या माहिती भरा आणि पैसे मिळवा’ अशा जाहिरातींमागे जे प्रकार चालतात, त्यांत हीच छाट नव्या वेषात आढळते. प्रथम नोंदणीशुल्क किंवा अनामत घेतली जाते. काम पूर्ण झाल्यावर चुकांचे प्रमाण अधिक असल्याचे सांगून सर्वच काम नाकारले जाते, आणि वर करारभंगाची खोटी नोटीस पाठवून दंड मागितला जातो. दोहोंतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. विडीच्या व्यवसायात काम खरे होते, मालाला बाजार होता आणि मालक ठाऊक होता. येथे कामच खोटे असते. अनामत आणि दंड हाच धंदा असतो. म्हणून मजुरी देण्याऐवजी आधी पैसे मागणाऱ्यास नकार देणे, ही पहिली कसोटी होय. कामाची तपासणी कोण व कोणत्या लेखी निकषावर करणार, नाकारलेल्या कामाविरुद्ध दाद कोठे मागावयाची आणि काम देणाऱ्याचा पडताळून पाहता येण्याजोगा पत्ता कोणता, हे प्रश्न त्यानंतरचे. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनाविलंब तक्रार करता येते; विलंबाने रक्कम पुढे सरकते व ती रोखणे दुष्कर होते.

तथापि केवळ सावधगिरीवर भिस्त ठेवणे पुरेसे नाही, हाच या इतिहासाचा मुख्य बोध आहे. संगमनेरची विडी-कामगार स्त्री काही कमी सावध नव्हती. आपली विडी चांगली की वाईट हे तिला पुरते कळत होते. तिला उणीव होती ती आपला शब्द ऐकून घेणाऱ्या तिसऱ्या पक्षाची. पण माल देण्यासाठी ती इतर स्त्रियांबरोबर रांगेत उभी राहत असे. कोणाची किती छाट निघाली हे परस्परांना समजे, आणि त्या समजुतीतूनच संघटना उभी राहू शकली. आजचा घरबसल्या काम करणारा तरुण त्या रांगेलाही मुकला आहे. आपली फसवणूक ही आपलीच चूक, असे मानून तो गप्प बसतो. ती चूक त्याची एकट्याची नसून व्यवहाराच्या रचनेतच आहे, हे त्याला पटणे ही संरक्षणाची पहिली पायरी होय.