अंजनेरीचा गारवा

टुंड्रा हा शब्द कानी पडताच ध्रुवाजवळचा गोठलेला, सपाट मुलूख आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्या सामी लोकांच्या बोलीतून रशियनमार्गे हा शब्द जगभर गेला, त्यांच्या लेखी त्याचा मूळ अर्थ झाडे नसलेला उंचवटा एवढाच होता. या अर्थाने पाहू गेल्यास, नाशिकहून त्र्यंबकास जाताना डाव्या हातास दिसणारा अंजनेरीचा डोंगर, ज्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंच आहे, तो आपल्या घरचा लहानसा टुंड्राच म्हणावा लागेल. ध्रुवाजवळ वर्षातून काही आठवडे सूर्य कृपा करतो, इथे चार महिने पाऊस. बाकी काळ दोन्हीकडच्या वनस्पतींनी जमिनीखाली दडून राहायचे, हा शिरस्ता एकच.

माणसांचे दफ्तर या डोंगराने चांगलेच राखले आहे. हनुमंताची माता अंजनी हिच्यावरून या डोंगरास नाव पडल्याची कथा तर सर्वश्रुतच आहे. पण पायथ्याच्या भग्न देवळांतील शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४१ च्या सुमाराचा शिलालेख सांगतो की, यादवांच्या अमलात चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिरास येथील काही दुकाने दान दिली गेली. अर्थात तेव्हा या ठिकाणी भरभराटीची बाजारपेठ होती. पुढे पेशवाईत रघुनाथरावांचा मुक्काम गोदावरीकाठी आनंदवल्लीस असे, तेव्हा उन्हाळा असह्य झाला की ते अंजनेरीस येत. इंग्रजी अंमल आल्यावर साहेबलोकांनी तीच वाट धरली; १८८३ च्या नाशिक गॅझेटियरात चैत्र-वैशाखात युरोपियन मंडळी येथील बंगल्यांत राहावयास येत, अशी नोंद आहे. यादव, पेशवे, कलेक्टर या साऱ्यांना हेवा वाटावा असा ऐवज या डोंगरापाशी एकच होता, तो म्हणजे गारवा. तो कोणाच्याही खजिन्यात जमा झाला नाही, आणि त्याचा हिशेबही कोणी मांडला नाही.

हिशेब सोपा आहे. दर हजार मीटर चढल्यास हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि नाशिक शहर व अंजनेरीचा माथा यांत सातशे मीटरांचा फरक आहे. म्हणजे रघुनाथरावांनी वर चढून जो गारवा मिळवला तो साडेचार अंशांचा. आता १९०१ पासून २०१८ पर्यंत हिंदुस्थानचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे सरकारी अहवाल सांगतो. तोच गारवा राखायचा तर एखाद्या रोपट्याने शंभरेक मीटर वर सरकायला हवे. माणूस पालखीत बसून वर जातो आणि आषाढ लागला की खाली उतरतो. माथ्यावरच्या रोपट्यास मात्र वर जावयास जागाच उरलेली नाही.

हे रोपटे कोणते, तेही सांगतो. खरपुडी किंवा कंदीलपुष्प या नावाने ओळखली जाणारी एक जात, रुईच्या कुळातली, या पठारावर उगवते. कातळावर साचलेल्या तळहातभर मातीत तिचा कंद आठ महिने निजून असतो. पावसाबरोबर वीतभर खोड वर येते, आणि श्रावण-भाद्रपदात त्यास एक विचित्र फूल लागते. तळाशी फुगीर नळी, वर पाकळ्यांची टोके जुळून झालेला पिंजरा, अगदी देवघरातल्या कंदिलासारखा. आत शिरलेल्या चिमुकल्या माशीस नळीतले खाली झुकलेले केस परत फिरू देत नाहीत. एखाद्या दिवसाने केस सुकले, की ती परागाचे ओझे घेऊन सुटते. अशी ही गुराख्यांच्या पायाखालची वस्तू, पण शिलालेख कोरणाऱ्यास, गॅझेटियर लिहिणाऱ्यास, मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची १९०१ ते १९०८ या काळात नोंद करणाऱ्या थिओडोर कुकसाहेबासही तिचा पत्ता लागला नाही. सेरोपेजिआ अंजनेरिका हे तिचे शास्त्रीय नाव छापून आले ते २००६ साली, म्हणजे देवळाच्या लेखानंतर सुमारे आठशे पासष्ट वर्षांनी. दानपत्रात दुकानाची नोंद झाली, पण माथ्यावरच्या फुलाची नाही. याबद्दल यादवांना दोष देण्यात अर्थ नाही, आपणही गेल्याच घटकेला जागे झालो.

वाढत्या उष्म्याचा उत्तरेकडच्या टुंड्रातला वृत्तान्त अधिक ठळक आहे. अलास्कात १९४०च्या दशकाच्या अखेरीस विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि त्याच जागांची अर्धशतकानंतरची छायाचित्रे जुळवून पाहिली, तेव्हा शेवाळ आणि बुटक्या रोपांच्या जागी उंच झुडपे पसरलेली आढळली. झुडपांची सावली पडली, की खालच्या रोपांचा हंगाम संपतो. अंजनेरीची अशी छायाचित्रे कोणी काढून ठेवल्याचे ऐकिवात नाही. २०१७ साली या डोंगरास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, म्हणजे चराई, वणवा आणि कंद खणणे यांवर बंदोबस्त करता येईल. उन्हास मात्र कोणत्याही फर्मानाने मनाई करता येत नाही.

पाऊस सरला की खरपुडीच्या जोडशेंगा वाळून उकलतात. आतल्या प्रत्येक बियेस रेशमी केसांचा झुपका असतो, आणि पठाराच्या कडेस वारा लागताच ती अलगद उचलली जाते. कळसूबाई आणि साल्हेर यांचे माथे अंजनेरीहून उंच आहेत खरे, पण मध्ये खोरी आहेत, शेते आहेत, घोटी-इगतपुरीचा पसारा आहे. वारा खाली त्र्यंबकाच्या शेतांकडे वाहतो, आणि बी त्याच्याबरोबर खाली उतरते.