नॉर्वेची शेळी आणि एक गळलेले अक्षर

शेळी ही गरिबाची गाय, असे आपण म्हणतो. नॉर्वेच्या डोंगराळ भागातही ती तशीच होती. त्या देशात लागवडीजोगी जमीन शेकडा 3 च्या आसपास. बाकी कडे, बर्चची राने आणि लांबलचक हिवाळा. उन्हाळ्यात बायका-मुली शेळ्या घेऊन डोंगरावरच्या कुरणांत राहत व तेथेच चीज करीत. हिवाळ्यासाठी फांद्या पाल्यासकट वाळवून ठेवीत. पाल्यावर भागत असल्याने शेळी तेथे टिकली.

तेथील एक चीज तपकिरी असते. दूध साकळवून घट्ट भाग काढला की पाणी उरते. ते फेकून न देता, आपण खवा आटवतो तसे आटवतात. त्यातली दुधाची साखर तापून तपकिरी होते. 1863 साली गुडब्रान्ड्सडाल खोऱ्यातील आन्ने होव्ह यांनी या पाण्यात साय घातली आणि या चीजला बाजारात चांगला भाव मिळू लागला.

पांढऱ्या चीजला मात्र केसिन हे प्रथिन लागते, आणि नॉर्वेच्या अनेक शेळ्यांच्या दुधात ते कमी भरे. या शतकाच्या पहिल्या दशकात संशोधकांना कारण सापडले. केसिनच्या एका जनुकातले एकच अक्षर गळले होते. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचले जाते. ‘अमर कमळ बघत’ यातला पहिला ‘म’ काढून पुन्हा तिनाचे गट करा: ‘अरक मळब घत’. पुढचे सारेच बिघडते. आईबाप दोघांकडूनही असे जनुक आले, तर ते विशिष्ट केसिन जवळजवळ तयारच होत नाही. तेथील कळपांत या जनुकाच्या निम्म्याहून अधिक प्रती बिघडलेल्या होत्या!

एवढा दोष पसरेपर्यंत कोणाच्या लक्षात कसा आला नाही? आपण एक तर्क करू शकतो. तपकिरी चीज मुख्यतः साखरेच्या पाण्यातून होते. त्यात केसिनची उणीव फारशी जाणवत नाही. जे जाणवत नाही, त्याची निवडही होत नाही.

पुढे बोकड निवडताना जनुकाची चाचणी होऊ लागली आणि दोष कमी होत गेला. आनुवंशिकता शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे, आणि मुलांना विचारावे: बियाणे वा जनावर निवडताना आपण काय मोजतो, आणि काय मोजायचे राहून जाते?