दोन वाटा, एकच पेशंट

१९८६ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी मद्रासला देशातल्या पहिल्या एचआयव्ही संसर्गाचं निदान झालं. त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुलं-सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. दोन्ही कामं वाढली, पण आपापल्या वाटेने.

एप्रिल २००४ पासून सरकार एआरटीच्या गोळ्या मोफत देऊ लागलं. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे धुळे-जळगावातही केंद्रं आली.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हायवे जिथे भेटतात, त्या धुळ्यात एक ड्रायव्हर मला म्हणाला होता, "पिलो का त्या दिवशी गोळी घेत नाही भाऊ. दोन्ही मिळून विष होतं म्हणे." खरं उलट आहे. दारू सुटली तर उत्तमच, पण प्यायलात तरी गोळी चुकवायची नाही. डोस चुकत गेले की विषाणू औषधाला दाद देत नाही. हे त्याला कोणी सांगणार कसं? रागावतील म्हणून त्याने दारूचं कधी सांगितलंच नव्हतं.

गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार बैठका केल्या. निष्कर्ष २०१६ च्या 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनी ३६ टक्के जणांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं. नुसत्या नेहमीच्या उपचारात हा आकडा २६ होता.

ते पेशंट एचआयव्हीचे नव्हते, मान्य. पण आपल्या एआरटी केंद्रात समुपदेशक आधीच बसलेला असतो. त्याने न रागावता एवढंच विचारावं, "दादा, आठवड्यातून किती वेळा होते?"