हर्सेप्टिन : प्रयोगशाळा आणि तिचे फाटक

वैद्यकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा शास्त्रज्ञांची नावे घेतो आणि थांबतो. गिरणीचा इतिहास मालकांच्या तसबिरींवरून सांगावा, तसाच हा प्रकार होय. स्तनाच्या कर्करोगाच्या एका उग्र जातीवर गेल्या चाळीस वर्षांत जो इलाज सापडला, त्याच्या हकीकतीत शास्त्रज्ञ आहेतच. पण फाटकाबाहेर उभी राहिलेली माणसेही आहेत.

बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड ह्यांनी १८९४ साली आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतील गाठी, सारे कापून काढावयाचे. अधिक कापले म्हणजे रोग समूळ जातो, ही समजूत पुढे कित्येक दशके टिकली. परंतु काही स्त्रियांची गाठ लहान असताना काढूनही रोग थोड्याच काळात यकृतात वा हाडांत उगवे. भेद नुसता गाठीच्या आकारात नव्हता, पेशीच्या स्वभावात होता.

पेशीच्या पृष्ठभागावर ‘हर-२’ नावाचे एक प्रथिन असते. वाढीचा निरोप ते आत पोचवते. निरोगी पेशीत ते मोजकेच असते. काही कर्करोगांत मात्र त्याच्या जनुकाच्या पुष्कळ प्रती होतात, पृष्ठभागावर त्या प्रथिनाची गर्दी उसळते, आणि पेशीला अहोरात्र वाढण्याचाच हुकूम मिळत राहतो. कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक कंपनीत ॲक्सेल उलरिख व सहकाऱ्यांनी १९८५ साली हे मानवी जनुक वेगळे केले. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन ह्यांनी १८९ गाठी तपासून दाखविले, की ज्या रुग्णांत हे जनुक वाढलेले असते त्यांचा रोग लवकर उलटतो. शंभर स्तनकर्करोगांत ही जात सुमारे पंधरा ते वीस जणींत आढळते.

मग त्या प्रथिनाला जाऊन चिकटणारा प्रतिपिंड तयार झाला. त्याचे नाव ट्रास्टुझुमॅब, बाजारात हर्सेप्टिन. औषध चाचणीत होते, बाहेर मिळत नव्हते. वारंवार मागूनही ते न मिळता एक डॉक्टरबाई वारल्या, तेव्हा १९९४ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन’ ह्या संघटनेने शवयात्रेसारखा मोटारींचा ताफा थेट कंपनीच्या आवारात नेला. कंपनीचे म्हणणे असे, की औषध थोडे आहे, आणि ते चाचणीबाहेर वाटले तर चाचणीत कोण येईल? ह्या युक्तिवादात तथ्य होते, हे मी मान्य करतो. वाटाघाटींना बसलेल्या माणसाला समोरच्याची बाजू कळावीच लागते. पण मोर्चानंतरच चर्चा सुरू झाली, हेही तितकेच खरे. पुढे चाचणीबाहेरच्या काही रुग्णांना सोडत काढून औषध मिळू लागले, आणि रुग्णांच्या संघटनांनी चाचण्यांची आखणी सुधारण्यास व त्यांत रुग्ण आणण्यास हातभार लावला. १९९८ साली अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली, ती रोग पसरलेल्या स्त्रियांसाठी.

खरी किमया पुढे झाली. शस्त्रक्रिया झालेल्या, रोग आरंभीच्या अवस्थेत असलेल्या हजारो स्त्रियांवर चाचण्या झाल्या आणि २००५ साली निकाल प्रसिद्ध झाले : केमोथेरपीला ह्या औषधाची जोड दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. काहींच्या हृदयाला त्याचा उपसर्ग होतो, म्हणून हृदयाची तपासणी करीत राहावे लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान गाठीच्या ४०६ रुग्णांना सौम्य केमोथेरपीसह हे औषध दिले; तीन वर्षांनी त्यांतील ९८.७ टक्के रोग न उलटता जिवंत होत्या. एके काळी जिचे नाव निघताच डॉक्टर चिंतेत पडत, त्याच जातीची ही गोष्ट.

पण वर्षभराच्या इंजेक्शनांना लाखो रुपये लागत. आपल्या देशात २०१२ साली स्वस्त ट्रास्टुझुमॅबसाठी मोहीम सुरू झाली. २०१३ साली रोश कंपनीने येथील पेटंटाचा आग्रह सोडला. २०१४ च्या आरंभी बंगळूरच्या बायोकॉनने आपले औषध बाजारात आणले. लगेच न्यायालयात दावे सुरू झाले, ते वेगळेच पुराण आहे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक यादीत घातले.

ते वर्षभर घ्यावेच लागते काय? इंग्लंडात सरकारी पैशाने ४,०८९ रुग्णांवर ही परीक्षा झाली. २०१९ चा निकाल असा, की सहा महिने घेतलेल्यांपैकी ८९.४ टक्के, तर बारा महिने घेतलेल्यांपैकी ८९.८ टक्के चार वर्षांनी रोगमुक्त होत्या. एका फ्रेंच चाचणीत मात्र सहा महिन्यांची बरोबरी सिद्ध झाली नाही, आणि पुष्कळ ठिकाणी अद्याप वर्षभराचाच उपचार देतात.