वकिलाशी खासगीत बोलण्याचा हक्क

घरातल्या कोणाला पोलिसांनी उचललं की आपण आधी ओळखी शोधत फिरतो. वकील उशिरा आठवतो. संविधानाच्या कलम 22(1) नुसार अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. चौकशी चालू असतानाही, पूर्ण वेळ नसला तरी, वकिलाला भेटता येतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 38).

हे बोलणं तिसऱ्याच्या कानावर पडता कामा नये. तिहार जेलमध्ये स्थानबद्ध असलेल्या फ्रान्सिस कोराली मुलिन या ब्रिटिश महिलेला वकिलाची भेट कस्टम अधिकाऱ्यासमोरच मिळायची. 1981 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट रद्द केली. अधिकाऱ्याने हवं तर लांबून पाहावं, पण बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ थांबू नये, असं ठरलं.

तक्रार कुठे करायची? आधी रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटसमोर सांगावं आणि ते नोंदवून घेण्याची विनंती करावी. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं. फी नाही, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत. आयोग भरपाईची किंवा कारवाईची शिफारस करतो, हुकूम देत नाही. म्हणून पुरावा महत्त्वाचा. तारीख, वेळ, ठाण्याचं नाव आपण त्याच दिवशी लिहून ठेवू या.