गावातला दिवा बंद पडला, तर सांगायचं कुणाला? मेडशीच्या रस्त्यावरून समजून घेऊ गावाचं सरकार

घरात एखादं लहान भावंडं असेल तर आज त्यालाही शेजारी बसवा. कारण आजचा प्रश्न मोठ्यांच्या आधी लहान मुलांनाच पडतो. गल्लीतला दिवा बंद पडला, नळाला पाणी आलं नाही, शाळेचं छत गळायला लागलं, तर सांगायचं कुणाला? "सरकारला" असं उत्तर आपण पटकन देतो. पण सरकार म्हणजे नेमकं कोण? आणि ते राहतं कुठं?

हे समजून घ्यायला आपण जाऊ मेडशीला. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. हे नाशिककडचं मालेगाव नाही बरं का, आपलं वऱ्हाडातलं. अकोल्याहून निघालं, पातूरचा घाट चढून वर आलं की वाशिमकडे जाताना मेडशी लागतं.

रस्ते सारखे, मालक वेगळे

मेडशीजवळून जाणारा अकोला–वाशिम रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग आहे. तो केंद्र सरकारचा. त्यावर खड्डा पडला तर सरपंच काही डांबर टाकू शकत नाही. महामार्ग सोडून तुम्ही आजूबाजूच्या खेड्याकडे वळलात, की जे छोटे ग्रामीण रस्ते लागतात ते साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. आणि गावात शिरलात, गल्लीत आलात, की तिथला रस्ता, नाली, खांबावरचा दिवा हे ग्रामपंचायतीचं काम.

म्हणजे पाच मिनिटं चाललं तरी तीन सरकारांच्या हद्दीतून जाणं होतं. शाळेचंही तसंच. 'झेडपीची शाळा' म्हणतो आपण, ती जिल्हा परिषदेची. ग्रामीण भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्रही जिल्हा परिषद चालवते. जन्माची नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी ग्रामपंचायतीत. पण शेताचा सातबारा पाहिजे असेल तर? तिथं तलाठी.

इथंच बरेच जण गोंधळतात. तलाठी ऑफिस वेगळं आणि ग्रामपंचायत वेगळी, हे असं का? याचं उत्तर इतिहासात आहे.

वरून खाली येणारी दोरी

जुन्या वऱ्हाडात गावचा कारभार पाटील आणि पटवारी बघत. पाटील गावाचा प्रमुख, पटवारी हिशेब लिहिणारा. रात्री गस्तीला जागल्या. ही पदं वतनाची, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी. गावातल्या शेतकऱ्याला, बलुतेदाराला, बायकांना कुणी विचारत नव्हतं की पाटील कोण पाहिजे.

या लोकांचं मुख्य काम काय? सारा वसूल करून वर पाठवणं. वर कोण बसलंय ते बदलत गेलं. आधी निजाम. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पण दोरी तीच राहिली: हुकूम वरून खाली, पैसा खालून वर. आजचा तलाठी याच दोरीचा वारस आहे. २०२४ मध्ये त्याच्या पदाचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' झालं, आणि त्या नावातच काम सांगितलेलं आहे. महसूल. तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी, त्याच्या वर तहसीलदार, आणि सगळ्यात वर जिल्हाधिकारी.

ही दोरी वाईट आहे असं नाही. जमिनीची नोंद कुणीतरी नीट ठेवायलाच हवी. पण या दोरीला तुमचं मत लागत नाही.

खालून वर जाणारी दुसरी दोरी

१८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने एक ठराव काढला. स्थानिक कामं स्थानिक लोकांनीच बघावीत, असा त्याचा अर्थ. त्यानंतर वऱ्हाडात १८८५ मध्ये ग्रामीण मंडळांचा कायदा आला. ऐकायला छान वाटतं, पण अधिकार तुटपुंजे, पैसा थोडा आणि मतदानाचा हक्क मोजक्यांनाच. तरी एक नवी गोष्ट सुरू झाली होती. रस्ता, शाळा, दवाखाना यावर गावाकडची माणसं बोलू लागली.

स्वातंत्र्यानंतर विदर्भात जनपद सभा आल्या. मग वऱ्हाड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. नवीन राज्यापुढे अडचण अशी, की विदर्भात एक पद्धत, पश्चिम महाराष्ट्रात दुसरी. सगळ्यांना एकच साचा द्यायचा कसा?

त्यासाठी १९६० मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष कोण, तर आपल्या शेजारचेच. यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. तेव्हा ते महसूलमंत्री होते, मुख्यमंत्री पुढे १९६३ मध्ये झाले. पुसद नगरपालिकेचं अध्यक्षपद त्यांनी आधी सांभाळलेलं होतं, त्यामुळे गावपातळीवरचा कारभार कुठं अडतो हे त्यांना ठाऊक होतं.

या समितीने १९६१ मध्ये २२६ शिफारशी केल्या. त्यातल्या दोन आपण लक्षात ठेवू.

पहिली: जिल्हाधिकारी जिल्हा परिषदेच्या बाहेर राहील. म्हणजे वरून येणारी दोरी आणि खालून जाणारी दोरी एकमेकींत गुंतवायच्या नाहीत. म्हणूनच जिल्ह्यात आजही दोन मोठी ऑफिसं दिसतात. एक कलेक्टर ऑफिस, आणि दुसरी जिल्हा परिषद, जिचा प्रशासकीय प्रमुख मुख्य कार्यकारी अधिकारी असतो.

दुसरी: आमदार आणि खासदार जिल्हा परिषदेचे सदस्य नसतील. का? मोठं झाड असलं की त्याच्या सावलीत रोप वाढत नाही. गावातून निवडून आलेल्या नवख्या माणसाला बोलायला, चुकायला, शिकायला जागा पाहिजे होती.

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात ही रचना सुरू झाली. गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. मेडशी तेव्हा अकोला जिल्ह्यात. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं.

मग आणखी काय बदललं?

१९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिने सांगितलं, की पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, महिलांना किमान एक तृतीयांश. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्मा केला. जिथं बायकांना कुणी विचारत नव्हतं, तिथं आता निम्म्या जागा त्यांच्या.

पैशाची दिशाही थोडी वळली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना ठरला, आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला १०-१० टक्के. एकेकाळी पैसा फक्त गावातून वर जायचा, आठवतंय ना?

दोरी सैल पडली तर?

आता वाशिमची एक गोष्ट, जी सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. वाशिम आणि आणखी काही जिल्हा परिषदांमध्ये एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ४ मार्च २०२१ ला निकाल आला: ओबीसी आरक्षण देता येईल, पण आधी आयोग नेमून माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांत ठेवा. वाशिमसह सहा जिल्ह्यांत ५ ऑक्टोबर २०२१ ला पोटनिवडणूक झाली.

प्रश्न दोन्ही बाजूंनी हक्काचा होता. पण तो सुटेपर्यंत राज्यभरातल्या निवडणुका लांबल्या. २०२२ मध्ये मुदत संपलेल्या अनेक जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका जाहीर करायला सांगितलं.

प्रशासक म्हणजे नेमलेला अधिकारी. तो प्रामाणिक असेल, कामसूही असेल. पण शाळेचं छत गळतंय म्हणून तुमची आजी ज्याला पारावर अडवून विचारू शकते, तो सदस्य तेव्हा नसतो. अधिकाऱ्याला उत्तर द्यायचं असतं वर, आणि सदस्याला खाली, तुम्हाला. म्हणून निवडणूक लांबते तेव्हा जुनी दोरी परत एकटीच उरते.

तर मग सांगायचं कुणाला?

लहान भावंडाला असं सांगा. दिवा, नाली, पाणी असेल तर आधी आपल्या वॉर्डाचा सदस्य, मग सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो. शाळा आणि दवाखान्यासाठी पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. सातबाऱ्यासाठी तलाठी.

आणि या सगळ्यांच्या वर, खरं तर सगळ्यांच्या खाली पायासारखी, आहे ग्रामसभा. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. त्यासाठी निवडून यावं लागत नाही. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. कोरम आहे १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातला जो आकडा लहान असेल तो. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब. त्याआधी महिलांची वेगळी सभा होते, आईला नक्की सांगा.

१८ पूर्ण झाली असतील तर मतदार यादीत नाव आहे का बघा. २१ पूर्ण झाल्यावर तर तुम्ही स्वतः उभे राहू शकता. आणि त्याआधी? त्याआधी एक साधं काम करा. पुढच्या ग्रामसभेची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर शोधा, फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. खाली लिहा: "दिवा बंद आहे, कोण विचारणार?"

तुमच्या गावात उत्तर काय मिळालं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!