टाळूविस्तारण
टाळूविस्तारण : वरचा जबडा अरुंद असलेल्या मुलांच्या टाळूवर स्क्रूचे उपकरण बसवून जबड्याचे दोन अर्धभाग मधल्या सांध्यापाशी विलग करण्याची दंतोपचारपद्धती. टाळू हाच नाकपोकळीचा तळ असल्याने तो रुंदावल्यास श्वासमार्गही काहीसा मोकळा होतो. सांधा पक्का होण्यापूर्वी, वाढीच्या वयात, हा उपचार सुकर असतो.

सॅन फ्रॅन्सिस्कोचे दंतवैद्य एमर्सन एंजेल यांनी १८६० मध्ये एका मुलीवर केलेल्या या प्रयोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्या दातांत पडलेली फट हाच त्यांचा पुरावा होता. क्ष-किरणांचा शोध (१८९५) अद्याप लागावयाचा असल्याने समकालीनांचा अविश्वास दूर होणे अवघडच होते. अमेरिकेत मागे पडलेली ही पद्धती अँड्र्यू हास यांच्या १९६१ मधील लेखानंतर पुन्हा रूढ झाली.

घोरणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या व अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना पूर्वी ‘मंद’ ठरविले जाई. लंडनचे वैद्य विल्यम हिल यांनी १८८९ मध्ये या मंदपणाचा संबंध श्वासाच्या अडथळ्याशी जोडला होता; तथापि गिलमिनो व सहकाऱ्यांनी आठ मुलांतील निद्राश्वासरोधाचे निदान मांडले ते १९७६ मध्ये. पिरेल्ली, सापोनारा व गिलमिनो यांनी २००४ मध्ये ३१ मुलांवरील टाळूविस्तारणाचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र त्या मुलांचे टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड वाढलेले नव्हते, आणि तुलनेसाठी उपचाररहित गटही नव्हता. ही मर्यादा पुष्कळदा विसरली जाते. टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड वाढलेल्या मुलांत ते काढणे हाच सामान्यतः पहिला उपचार होय. जबडा मुळात अरुंद नसताना केवळ निद्राश्वासरोध टाळण्यासाठी टाळू रुंदावू नये, असे अमेरिकेतील दंतसुधारकांच्या संघटनेच्या २०१९ मधील अहवालाचे मत आहे.